पाचशे तबकड्यांचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे हीच आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आणि ते स्वाभाविकही आहे. राजांनी जे कोरविले, कारकुनांनी जे लिहिले आणि वतनदारांनी पुढेमागे तंटा पडल्यास पुरावा असावा म्हणून जे पेटीत जपले, ते टिकले. ज्यांस वतन नव्हते व कारकूनही नव्हता, त्यांचे बहुतेक सारे गेले. ही गोष्ट जुन्या काळापुरतीच खरी, छापखान्यांच्या आणि यंत्रांच्या युगात असे काही हरवणे शक्य नाही, असा आपला एक गोड समज असतो. तो समज किती फोल आहे हे दाखविणारी एक हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती फार जुनी नाही. पन्नास वर्षांच्या आतबाहेरची आहे. आणि ती घडली ती ज्या देशात कागदाचा कपटाही जपून ठेवतात अशी ख्याती आहे, त्या इंग्लंडात.

ही हकीकत ग्रामोफोनच्या लहान तबकड्यांची आहे. १९७६ पासून पुढे सहासात वर्षांत ‘पंक’ आणि ‘न्यू वेव्ह’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या गाण्यांच्या शेकडो तबकड्या तेथील तरुण मुलांनी स्वतःच्या खर्चाने काढल्या. ‘पंक’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ उनाड, कुचकामी पोर असा आहे; निंदेसाठी वापरलेले नाव त्या मुलांनी भूषण म्हणून मिरविले. ‘न्यू वेव्ह’, म्हणजे नवी लाट, हे त्याच गोटातील किंचित सुबक आणि प्रयोगशील मंडळींस मिळालेले नाव. दोहोंमधली सीमारेषा तेथील जाणत्यांसही नेमकी दाखविता येत नाही. हे संगीत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस कर्कश वाटेल. ते गोड मानून घ्यावे असा आमचा आग्रह नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या तबकड्या कशा निघाल्या, कशा नाहीशा होऊ लागल्या आणि कोणी वाचविल्या, एवढेच.

प्रथम त्या वस्तूचीच ओळख करून घेऊ. आपल्या आजोबांच्या घरी जी जड, ठिसूळ, लाखेच्या मिश्रणाची तबकडी असे, ती मिनिटास ७८ फेरे घेई. १९४९ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीने सात इंच व्यासाची, मिनिटास ४५ फेरे घेणारी, विनाइलची हलकी तबकडी बाजारात आणली. एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस एक अशी दोन गाणी तिच्यावर मावत. हिलाच ‘सिंगल’ म्हणतात. ती काढण्याचा व्यापार इंग्लंडात ईएमआय, डेक्का, सीबीएस यांसारख्या मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती होता. गाणाऱ्याने कंपनीच्या दारी उभे राहावे, कंपनीने त्यास पसंत करावे वा परत पाठवावे, असा शिरस्ता होता. तबकडी काढणे हे आपल्या आवाक्यातले काम आहे, असे सामान्य माणसाच्या मनातही येत नसे.

वास्तविक त्या कामात गूढ असे काही नव्हते. ध्वनिफितीवरील गाणे प्रथम मऊ लेप दिलेल्या धातूच्या चकतीवर सुईने कोरतात. तिच्यावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून तो सोलून काढला म्हणजे उलटा ठसा मिळतो. त्या ठशावरून साचे होतात. आणि दोन साच्यांमध्ये तापवून मऊ केलेला विनाइलचा गोळा दाबला की तबकडी तयार होते. जो पैसे देईल त्याच्या तबकड्या कारखाने काढून देत असत. खर्चाचा मोठा भाग गाणे मुद्रित करणे आणि साचा करणे यांत जाई. पुढची प्रत त्या मानाने स्वस्तात पडे. ही साधी गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नव्हती, किंवा आली तरी करून पाहण्याचा धीर झाला नव्हता, इतकेच.

तो धीर प्रथम दूरच्या मुलुखांत झालेला दिसतो. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी ‘द सेंट्स’ नावाच्या मेळाने १९७६ च्या सप्टेंबरात, कोणी कंपनी जवळ करीना म्हणून, आपली पहिली तबकडी स्वतःच काढली. प्रती ५००. त्यांतील काही त्यांनी लंडनच्या पत्रांकडे पाठविल्या. तेथे तिची अशी वाखाणणी झाली की ईएमआयने त्या मेळास करारबद्ध केले. पुढल्याच महिन्यात लंडनमध्ये ‘द डॅम्ड’ या मेळाचे ‘न्यू रोझ’ हे गाणे निघाले. ते ब्रिटनमधील पहिले पंक सिंगल मानतात. ते काढणारी ‘स्टिफ’ ही लहानशी कंपनी त्याच वर्षी, एका गायक मित्राने उसन्या दिलेल्या ४०० पौंडांवर उभी राहिली होती.

खरी वाट मोकळी झाली ती मँचेस्टरमध्ये. तेथील ‘बझकॉक्स’ या मेळातील मुलांनी घरच्यांकडून व स्नेह्यांकडून सुमारे ५०० पौंड जमविले, २८ डिसेंबर १९७६ या एका दिवसात चार गाणी मुद्रित केली, आणि १९७७ च्या जानेवारीअखेर ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाने १,००० प्रती काढल्या. वेष्टनावरचे छायाचित्र झटपट चित्र देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याने शहराच्या चौकात, एका पुतळ्यापाशी काढलेले होते. प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात साधले आणि त्यावर मागाहून काय चढविले, हेही त्यांनी वेष्टनावर छापले. पहिल्या हजार प्रती पाहता पाहता संपल्या, आणि पुढे एकंदर खप १६,००० पर्यंत गेला.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कारागीर आपली विद्या झाकून ठेवतो, हा जगाचा रिवाज. या मुलांनी ती उघडी केली. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘डेस्परेट बायसिकल्स’ या मेळाने अवघ्या १५३ पौंडांत ५०० तबकड्या काढल्या. दुसऱ्या बाजूसाठी वेगळा साचा करण्यास पैसे नव्हते, म्हणून दोन्ही बाजूंस तीच दोन गाणी छापली. पुढच्या तबकडीतून त्यांनी ऐकणारास बजाविले की हे काम तुम्हांसही जमण्याजोगे आहे, स्वस्त आहे, तेव्हा ते करा. १९७८ मध्ये ‘स्क्रिटी पॉलिटी’ या मेळाने २,५०० प्रतींची तबकडी काढली आणि तिच्या वेष्टनावर सगळा जमाखर्चच मांडला: चौदा तासांच्या ध्वनिमुद्रणास ९८ पौंड, साचा कोरण्यास ४० पौंड, तबकडीमागे १३ पेन्स, लेबलासाठी छापखान्याकडे न जाता कोऱ्या कागदावर रबरी शिक्का. लेबल कोरे का, असे कोणी विचारू नये म्हणून तोही खर्च मांडलेला. दुकानदाराने आपली वही गिऱ्हाइकापुढे उघडी करून ‘उद्यापासून तुम्हीही दुकान थाटा’ म्हणावे, असाच हा प्रकार होता.

परिणामही तसाच झाला. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस याने १९७६ साली उघडलेले ‘रफ ट्रेड’ हे दुकान अशा तबकड्यांचे माहेरघर बनले. १९७८ मध्ये डॅनियल मिलर हा तरुण ‘द नॉर्मल’ या नावाखाली घरी एकट्याने तयार केलेल्या दोन गाण्यांची नमुना तबकडी घेऊन तेथे गेला. ५०० प्रती काढाव्यात असा त्याचा बेत. दुकानाने २,००० काढ, खपविण्याचे आमच्याकडे, असे सांगितले. वेष्टनावर घरचा पत्ता होता, त्यावर अनोळखी मुलांच्या ध्वनिफिती येऊ लागल्या आणि त्यातून ‘म्यूट’ ही कंपनी निघाली. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये, जेव्हा त्या शहरात बाँब आणि बंदुकी यांच्या धाकाने रात्री रस्ते ओस पडत, टेरी हूली नावाच्या दुकानदाराने ‘अंडरटोन्स’ या डेरीच्या मुलांचे ‘टीनेज किक्स’ हे गाणे काढले. बीबीसीवर रात्री तबकड्या ऐकविणारा जॉन पील यास ते इतके आवडले की त्याने ते एकदा लावून संपताच लगेच दुसऱ्यांदा लावले. १९८० च्या जानेवारीत तर बड्या कंपन्यांच्या वितरणावाचून खपणाऱ्या तबकड्यांची खपवार यादी निराळी छापली जाऊ लागली.

परंतु ज्यांची नावे आम्ही वर दिली ते सारे भाग्यवान. त्यांच्या मागे शेकडो मेळ असे होते की ज्यांनी एक तबकडी काढली, दोनतीनदा एखाद्या शाळेच्या वा गुत्त्याच्या सभागृहात वाजविले, आणि जे वर्षभरात पांगले. कोणी नोकरीस लागले, कोणी दुसऱ्या गावी गेले. तीनशे प्रतींपैकी शंभर विकल्या गेल्या, पन्नास मित्रांस वाटल्या आणि उरलेल्या पलंगाखाली खोक्यात राहिल्या. ज्यांस वृत्तपत्रांनी विचारले नाही आणि पीलनेही लावले नाही, त्यांचा उल्लेख कोठे राहणार? हाताने घडी घातलेले, नकलयंत्रावर काढलेले वेष्टन, शिक्का मारलेले लेबल, आडनावाविना नुसती टोपणनावे. एवढ्यावरून पुढच्या पिढीने ओळख तरी कशी पटवावी?

आणि येथेच त्या जपणाऱ्या देशाच्या व्यवस्थेतील एक मोठी फट दृष्टीस पडते. इंग्लंडात छापलेल्या प्रत्येक ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात देणे कायद्याने बंधनकारक आहे. ध्वनिमुद्रिकांस तसे बंधन नाही. ज्यास द्यावीशी वाटेल त्याने द्यावी. अर्धी रात्र जागून वेष्टने चिकटविणाऱ्या मुलास अशी प्रत पाठविण्याचे सुचणे शक्यच नव्हते. दप्तर म्हणून कोणाच्या हाती राहिलेच नाही. जे राहिले ते अडगळीच्या खोलीत, धर्मादाय दुकानांच्या खोक्यांत आणि दर रविवारच्या जुन्या बाजारात.

अशा ठिकाणी धुंडाळणारी जी माणसे, त्यांस आपण संग्राहक म्हणतो. या जातीविषयी समाजाचे मत फारसे चांगले नाही, आणि ते अगदीच निष्कारण आहे असेही आम्ही म्हणणार नाही. दुर्मिळतेची चटक ही एक निराळीच व्याधी आहे. १९७७ च्या मार्चमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या मेळाशी ए अँड एम या कंपनीने बकिंगहॅम राजवाड्याबाहेर गाजावाजाने करार केला आणि आठवड्याच्या आत मोडला. छापून तयार असलेल्या सुमारे २५,००० तबकड्या नष्ट केल्या. थोड्याशा प्रती वाचल्या, आणि त्यांतील एकेकीस पुढे १०,००० पौंडांहूनही अधिक किंमत आली. गंमत अशी की तेच गाणे दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीने काढले व त्याच्या लाखांनी प्रती घरोघर गेल्या. तेव्हा येथे पैसे पडतात ते गाण्यास नव्हेत. इतरांपाशी नाही ते आपल्यापाशी आहे, या सुखास पडतात.

डेस्परेट बायसिकल्ससारख्यांच्या तबकड्या दुर्मिळ झाल्या त्या मात्र निराळ्या कारणाने. त्या दुर्मिळ व्हाव्यात असे कोणासही वाटत नव्हते. खिशात पैसे नव्हते म्हणून ५०० निघाल्या. असते तर ५,००० निघाल्या असत्या. ज्या तबकडीचा सारा बोध ‘हे कोणासही परवडते’ असा, तीच आज सामान्य माणसास परवडू नये, हा दैवदुर्विलास होय. ती विकत घेऊन कपाटात कुलूपबंद करणारा मनुष्य वस्तू वाचवितो खरा. पण तिचा अर्थ तो उलटा करतो.

हे ओळखणारे संग्राहकही झाले, आणि त्यांच्याच कार्याकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. या परंपरेचा उगम पंकच्याही आधीचा आहे. अमेरिकेत लेनी के नावाचा तबकड्यांच्या दुकानात काम करणारा व संगीतावर लिहिणारा तरुण होता. साठीच्या दशकातील विसरलेल्या स्थानिक मेळांची एकेकटी गाणी निवडून त्याने १९७२ मध्ये ‘नगेट्स’ नावाचा जोडसंग्रह सिद्ध केला आणि तो एलेक्ट्रा कंपनीने काढला. पुढे १९७८ पासून ग्रेग शॉ या दुसऱ्या संग्राहकाने ‘पेबल्स’ या मालेत त्याहूनही अज्ञात गाणी आणली. लेनी के याची गोष्ट तर विशेष मननीय आहे. जुन्या तबकड्या वेचणारा हाच गृहस्थ पॅटी स्मिथ या कवयित्रीचा साथीदार झाला. आणि १९७४ मध्ये, छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प याने दिलेल्या पैशांवर, तिची पहिली तबकडी कंपनीविना निघाली. ती पुढच्या साऱ्या पंक तबकड्यांची वडील बहीण म्हणावी लागेल. विसरलेल्यांचा संग्रह ज्याने लोकांपुढे मांडला, त्याच्याच हातून नव्याचा आरंभ व्हावा, यात आम्हांस योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. आपल्यासारख्याच अनाम मुलांनी पूर्वी हे केले होते, हे कळल्यावाचून पुढच्यास धीर येत नाही.

पंकच्या तबकड्यांचेही पुढे तसेच झाले. आरंभी संग्राहक एकमेकांस टपालाने कॅसेट पाठवीत: माझ्यापाशी नाही ते तुझ्याकडून, तुझ्यापाशी नाही ते माझ्याकडून. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘किल्ड बाय डेथ’ या नावाची संग्रहमाला निघू लागली. तीत जगाच्या कानाकोपऱ्यांतील एकेका तबकडीपुरत्या जगलेल्या मेळांची गाणी होती. या शतकाच्या आरंभी चक वॉर्नर या अमेरिकन संग्राहकाने ‘मेस्थेटिक्स’ या मालेत ब्रिटनमधील घरगुती तबकड्या शहरवार व प्रांतवार लावून दाखविल्या.

आता या कार्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘किल्ड बाय डेथ’सारखे संग्रह मूळ गाणाऱ्यांस न विचारता काढलेले होते. गाणे त्यांचे, पैसा तिसऱ्याचा. आधीच ज्यांच्या पदरी काही पडले नाही, त्यांचेच पुन्हा घेणे हे परोपकाराच्या नावाखाली केले तरी घेणेच होय. यावर संग्राहकांचे उत्तर असे की, कोणास विचारावयाचे हेच ठाऊक नव्हते. आणि विचारण्यासाठी थांबलो असतो तर विचारण्याजोगे काही उरले नसते. या उत्तरात तथ्य आहे. परंतु ते अर्धे आहे. संपूर्ण उत्तर ‘मेस्थेटिक्स’च्या पुढील भागांनी दिले. त्यांत वॉर्नर याने जुन्या मेळांतील माणसे शोधून काढली, त्यांची संमती घेतली, त्यांच्या आठवणी आणि घरच्या संग्रहातील छायाचित्रे मागवून सोबतच्या पुस्तिकेत छापली. यामुळे गाण्याबरोबर माणूसही परत मिळाला. टोपणनावामागचे नाव, गाव आणि पुढचे आयुष्य कळले. वाटण्यापूर्वी विचारावे, आणि विचारण्यासाठी शोधावे. या शोधातच इतिहासाचे अर्धे काम होऊन जाते. हौस आणि संशोधन यांमधील अंतर आमच्या मते एवढेच आहे.

दुसरा आक्षेप असा घेतात की, हे सारे जपण्याच्या योग्यतेचे तरी आहे काय? शेकड्यांनी निघालेल्या या तबकड्यांत पुष्कळ वाजविणे बेसूर आहे, पुष्कळ नुसते अनुकरण आहे. खरे आहे. पण आपल्या जुन्या दप्तरांत तरी साऱ्या पोथ्या ज्ञानेश्वरीच्या तोलाच्या कोठे आहेत? इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जे कागद गोळा केले, त्यांत घरखर्चाच्या याद्या होत्या आणि भाऊबंदकीचे तंटेही होते. ते त्यांनी नुसते जमविले नाहीत. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने खंडामागून खंड छापून ज्याचे त्यास देऊन टाकले. ते छापले नसते तर राजवाड्यांचा संग्रह हा दुसऱ्या एखाद्या वाड्यातील बंद पेटीहून निराळा ठरला नसता. कोणते कागद उपयोगाचे हे पुढच्याने ठरवावे. त्याच्या हाती ते पोचविणे एवढेच आधीच्याचे काम.

जॉन पील २००४ च्या ऑक्टोबरात पेरू देशात वारला. त्याच्या घरी हजारोंनी तबकड्या होत्या. शिवाय एक लाकडी पेटी होती, तीत त्याने निवडून ठेवलेली सुमारे १४० सिंगल्स सापडली. घरास आग लागली तर प्रथम काय उचलावे, याची ती तजवीज समजली जाते. पुढे २०१२ मध्ये त्याच्या मोठ्या संग्रहातील प्रत्येक आद्याक्षराखालील पहिल्या शंभर तबकड्यांची नोंद सर्वांसाठी खुली करण्यात आली. हा मनुष्य संग्राहक होता यात शंका नाही. पण त्यास लोक आठवतात ते त्याच्यापाशी काय होते म्हणून नव्हे, त्याने रात्री दहानंतर लोकांस काय ऐकविले म्हणून.

असो. या लहान तबकड्यांपैकी एखादी कधी वाचकांच्या हाती आली, तर ती दिव्याखाली तिरपी धरून पाहावी. गाण्याचा चर संपतो आणि लेबल सुरू होते त्या दरम्यानच्या गुळगुळीत पट्टीवर पुष्कळदा बारीक अक्षरे खरडलेली दिसतात. कधी तो साच्याचा अंक असतो. कधी कोरणाऱ्या कारागिराची खूण. कधी मेळातील मुलांनी त्याच्याकडून लिहवून घेतलेला एखादा विनोद किंवा निरोप. तो कोठल्याही संग्रहात ऐकू येत नाही आणि यादीतही बहुधा येत नाही. ज्याच्यापाशी ती तबकडी आहे त्यासच तो दिसतो. म्हणून वस्तू जपणाऱ्याचे महत्त्व आहेच. परंतु तो निरोप कोणा एकासाठी लिहिलेला नव्हता. पाचशे प्रतींवर तो होता, आणि पैसे असते तर पाच हजारांवर असता. ज्याने वाचला त्याने तो दुसऱ्यास वाचून दाखवावा, एवढे ऋण त्याच्यावर राहते.